गाडीला वीज किती वेगाने द्यावी?



मिरज-सांगलीच्या रस्त्यावर विजेची गाडी आता नवलाईची राहिलेली नाही. काही गाड्या निव्वळ विजेवर चालतात. काहींत बॅटरी असते आणि पेट्रोलचे इंजिनही. त्यांना प्लग-इन हायब्रिड म्हणतात. दोन्ही घरच्या प्लगवर रात्रीतून चार्ज होतात. थोड्याच दिवसांत मालकाला वाटू लागते की, हे काम लवकर उरकावे. पुष्कळ गाड्यांत तशी सोयही असते. ८ अँपिअरचा आकडा १६ केला की वेळ निम्म्यावर येतो. आकडा बोटाने बदलतो. भिंतीतली तार मात्र तीच राहते. आज विचार करायचा आहे तो या तारेचा.

आपल्या घरात विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ८ अँपिअरवर गाडी सुमारे १.८४ किलोवॅट वीज घेते, १६ अँपिअरवर ३.६८ किलोवॅट. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. म्हणजे जवळजवळ विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या पंपाएवढा भार आपण घरातल्या एका प्लगवर टाकतो. शिवाय तसल्या पंपाचा भार बहुधा तीन फेजांत वाटलेला असतो; इथे तो सगळा एकाच फेजवर येतो.

कोणी म्हणेल, आमचा गीझर त्याच प्लगवर चालतो की! चालतो, पण पाणी तापले की तो आपोआप बंद पडतो. गाडी चार-चार तास एकसारखी वीज ओढते, आणि तीही बहुधा घरातली माणसे झोपलेली असताना.

शिक्षक मित्रांना दहावीच्या वर्गातला जूलचा नियम आठवत असेल. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. समजा, प्लगच्या एका सैल जोडाचा रोध ०.१ ओहम आहे. ८ अँपिअरला तिथे ६.४ वॅट उष्णता निघेल, १६ अँपिअरला २५.६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न असते. ते प्लगमध्ये तासन् तास खुपसून ठेवावे, तसेच हे झाले. एखादा चलाख विद्यार्थी विचारील, "पण सर, वेळही निम्माच लागतो ना?" खरे आहे. तरीही एकूण उष्णता दुप्पट होतेच. आणि प्लास्टिक वितळते ते उष्णता किती झपाट्याने निघते यावर.

आपल्या मिरज जंक्शनवर रुळांवरून जाणाऱ्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. दाब मोठा, म्हणून तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो आणि तार कमी तापते. घरात ही युक्ती चालत नाही. दाब ठरलेला, म्हणून वेग हवा तर प्रवाहच वाढवावा लागतो.

मग वाढवूच नये का? वाढवावा, पण आधी चार गोष्टी परवानाधारक वायरमनकडून करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, मीटरच्या बोर्डापासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार आणि चांगला १६ अँपिअरचा सॉकेट वापरावा. त्यावर दुसरे काही लावू नये. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून असते. तिच्यावर हा भार टाकू नये.

दुसरी, एमसीबी. तो तारेचा राखणदार आहे. वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालणे. तो का पडतो, ते आधी शोधावे.

तिसरी, अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंग कमजोर होते, म्हणून खड्ड्यात पाणी घालीत जावे. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गळती होताच तो वीज तोडतो.

चौथी, मंजूर भार. तो वीजबिलावर छापलेला असतो. अपुरा असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्यावा.

एवढे झाल्यावर, गाडीत असतील त्या पायऱ्यांनी आकडा वाढवावा. प्रत्येक पायरीवर तासाभराने कोरड्या हाताची मागची बाजू प्लगला लावून पाहावी. कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा प्लग काळवंडला असेल, तर आधी गाडीतून चार्जिंग थांबवावे, मग बटण बंद करावे, आणि वायरमनला बोलवावे. १६ अँपिअरच्या पुढे जायचे असेल तर प्लग उपयोगी नाही. भिंतीवर पक्का बसवलेला चार्जरच लागतो. तोही गाडी घेईल तेवढीच वीज देतो.

कृष्णाकाठच्या मंडळींसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. सॉकेट पुराच्या खुणेच्या वर बसवावा, आणि पाणी चढू लागताच ती लाइन मेनपासून बंद करावी.

आता शेवटचा हिशेब. हायब्रिडला ९ युनिटे भरायची असतील तर ८ अँपिअरवर सुमारे पाच तास पुरतात. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत आठ तास हाताशी असतात. मग घाई कशाला? पण मोठ्या बॅटरीत रोज २५ युनिटे भरायची असतील, तर १६ अँपिअरवर सात तास लागतातच. अशा घराने खर्च करून लाइन नीट करून घ्यावी. आपले घर यांपैकी कोणते, हे कागदावर मांडून पाहा, आणि मगच गाडीचा आकडा बदला.