यारीचा तोल

गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या गांवच्या शाळेवर पाण्याची मोठी टांकी चढवावयाची होती. त्याकरितां ट्रकवर बसविलेली एक यारी, आपण नित्य जिला क्रेन म्हणतों ती, आणविण्यांत आली. मीं चालकास सहज विचारलें, "बाबा रे, ही किती भार पेलील हें तुला कळतें कसें?" तो हंसून म्हणाला, "गुरुजी, पलीकडचें चाक सुटूं लागलें कीं समजायचें, आतां पुरे!" टांकी निर्विघ्नपणें वर गेली, परंतु त्या उत्तरानें माझी झोंप उडाली. कारण त्या वेळीं खालीं पटांगणांत मुलें उभीं होतीं.

यारी उलथते कशी, हें समजावयास तराजू पुरे. आर्किमिडीज या ग्रीक पंडितानें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत तरफेचा जो नियम सिद्ध करून दाखविला, तोच येथेंही लागू आहे. यारीला बाजूस काढतां येणारे पोलादी पाय असतात. भाराकडील दोन पायांस जोडणारी जी रेषा, तिच्यावर यंत्र कलंडावयाचें; तोच या तराजूचा टेंकू होय. समजा, भुजेसह सारें यंत्र २४ टनांचें असून त्याचा गुरुत्वमध्य त्या रेषेच्या आंत ३ मीटरांवर आहे. या दोहोंचा गुणाकार ७२. भार रेषेच्या बाहेर ९ मीटरांवर लोंबत असेल, तर ८ टनांस दोन्ही पारडीं समसमान होतात. त्यावर एक वीट चढली तरी यंत्र कलंडूं लागेल.

आतां चालकानें आळसानें पाय काढलेच नाहींत असें धरूं. कलंडण्याची रेषा चाकांपाशीं आली. गुरुत्वमध्यापासून तिचें अंतर सव्वा मीटर उरलें. गुणाकार झाला अवघा ३०, आणि भार मात्र रेषेपासून १०.७५ मीटरांवर गेला. तीच यारी आतां सुमारें २.८ टनांसच कलंडते! यंत्र बदललें नाहीं, भुजा बदलली नाहीं. फक्त पाय आंत राहिले.

म्हणूनच यारीची परीक्षा गजबजलेल्या रस्त्यावर न घेतां, मोकळ्या, टणक व सपाट जागेवर घेतात. पाय पूर्ण पसरून चाकें जमिनीपासून उचलतात. पाणसळ लावून यंत्र समतल आहे कीं नाहीं, हें पाहतात. मग मोजलेलीं वजनें जमिनीलगतच, किंचित् अधांतरीं उचलतात. म्हणजे तोल गेलाच तर भार खालीं टेंकतो आणि यंत्र सांवरतें. अंतर भार लोंबत असतांनाच मोजतात, कारण भारानें भुजा वांकते व अंतर वाढतें. बाजूस आणि मागें अशी निरनिराळ्या दिशांस परीक्षा होते. भार नसतां व भुजा उंच असतां मागील प्रतिभारानें यंत्र उलट दिशेस तर कलंडत नाहीं ना, हेंही पाहावें लागतें.

अशा परीक्षेंत जो भार यंत्रास कलंडण्याच्या टोकास आणतो, तितका भार उचलण्याची मुभा कोणासही नाहीं. अमेरिकन नियमांप्रमाणें पायांवर उभ्या यारीस त्याच्या शेंकडा ८५, आणि नुसत्या टायरांवर उभी असल्यास शेंकडा ७५, इतकीच कमाल मर्यादा आहे. उरलेला भाग वाऱ्यासाठीं, झोक्यासाठीं आणि एकाएकीं लावलेल्या ब्रेकासाठीं राखून ठेवलेला असतो.

आतां आमच्या चालकाची कसोटी पाहा. पलीकडचें चाक सुटतें, तेव्हां राखीव भाग बहुतेक संपलेला असतो. शिवाय भार जवळ असतां मर्यादा तोलाची नसून भुजेच्या बळकटीची असते. तेथें चाक सुटण्यापूर्वींच भुजा मोडेल. आणि जमीन खचली, तर सारें गणितच व्यर्थ. २२ जानेवारी २०२३ रोजीं तमिळनाडूंत अरक्कोणमनजीक एका देवळाच्या उत्सवांत, मूर्तीस हार घालण्यासाठीं माणसें लोंबत असलेली यारी उलथली आणि चौघे दगावले. जमीन उंचसखल होती, असें वृत्त होतें. तेथें भार लोखंडाचा नव्हता, भक्तांचा होता.

श्रोतेहो, चालकाच्या खोलींत भाराचा तक्ता असतो. किती लांबीची भुजा, किती अंतर, किती भार, हें सारें त्यांत लिहिलेलें असतें. आपल्या गांवीं यारी येईल, तेव्हां तो तक्ता पाहावयास मागा. पाय पूर्ण निघाले आहेत काय आणि त्यांखालीं रुंद फळ्या आहेत काय, तें पाहा. आणि सर्वांआधीं मुलांना दूर न्या. मीं त्या दिवशीं प्रश्न विचारला, परंतु मुलांना हलविलें नाहीं. चाळीस वर्षें शिकविणाऱ्या माणसाची ती चूक होती. तुमच्या हातून ती न होवो, एवढ्याचसाठीं हें भाषण.