माणूस उतरण्याआधी



केबलच्या बोगद्यात काम असले की हमखास ऐकू येते, "इथे फक्त वायरी आहेत, गॅस कुठला?" हे वाक्य मला फार घातक वाटते. शेजारच्या मलवाहिनीतला वायू सांध्यांतून, पाइपांच्या भोकांतून बोगद्यात शिरतो. साचलेल्या पाण्यात गाळ कुजतो, गंजणारे लोखंड ऑक्सिजन खाते.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण १०० च्या आसपास गेले की नाकच बधिर होते. आत उतरलेल्याला वाटते, वास गेला, हवा साफ झाली. तो आणखी पुढे सरकतो. ऑक्सिजन घटला तर एवढीही खूण मिळत नाही. विहिरीत आधी पेटता कंदील सोडण्याची जुनी रीत इथे कोणी वापरू नये. ज्योत विषारी वायूबद्दल काही सांगत नाही, आणि हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर तीच स्फोट घडवते.

म्हणून चार वायूंचा मीटर हवा. झाकण उघडून तोंडाशी एकदा धरला, असे मोजणे मला मान्य नाही. मिथेन हलका, तो वर साचतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी बसतो. नळी सोडून वर, मध्ये आणि तळाला, तिन्ही ठिकाणी मोजावे. नळीतून हवा वर येईपर्यंत थांबावे. आकडा आधी ऑक्सिजनचा पाहावा. तो १९.५ टक्क्यांखाली असेल तर कोणी उतरू नये. शिवाय ज्वलनशील वायूच्या नेहमीच्या सेन्सरलाही ऑक्सिजन लागतो. तो कमी पडला की सेन्सर खोटा दिलासा देतो.

सकाळचे रीडिंग दुपारी चालत नाही. फावडे गाळात गेले की अडकलेला वायू एकदम सुटतो. मीटर कामगाराच्या छातीवर, शेवटपर्यंत चालू हवा. बोगद्यातले कायमचे सेन्सरही पुष्कळदा वायरिंगच्या सोयीने बसतात. ते खोलगट जागी, हवा न खेळणाऱ्या टोकाला बसले पाहिजेत.

अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले की, बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. सोबत्याला कोसळताना पाहून माणूस उडी घेतोच. त्याला दोष देऊ नका. वर तिपाई, दोर, हार्नेस आणि श्वसनसंच तयार ठेवणे हे आपले काम आहे.

गटारांबाबत तर कायदाही आहे: सुरक्षा-साधनांशिवाय सफाईला माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरी आपल्या अंदाजपत्रकांत वायू-तपासणी 'किरकोळ'मध्ये ढकलली जाते, आणि दर पाडताना ठेकेदार तिलाच पहिली कात्री लावतो.

या परिषदेने दोन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक निविदेत वायू-तपासणी, ब्लोअर आणि बचावसंच यांची स्वतंत्र बाब असावी, तिचा दर ठेकेदाराला कमी करता येऊ नये. आणि मीटर वाजला की काम थांबवण्याचा अधिकार झाकणापाशी उभ्या असलेल्या माणसाला लेखी मिळावा, साहेबाला फोन न करता.