तांब्याच्या नाण्यावरील वचन

स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स १७१४ च्या अखेरीस तुर्कस्तानातून आपल्या राज्यात परतला, तेव्हा प्रदीर्घ युद्धामुळे खजिना रिता झाला होता. स्वीडनमध्ये तांबे विपुल. आणि नाण्याची किंमत त्यातील धातूइतकीच असावी, असा तेथील जुना संकेत होता. त्यामुळे एक रौप्य-दालर किमतीचा तांब्याचा चौकोनी पत्रा सुमारे पाऊण किलो भरत असे.

युद्ध तर चालवायचे होते. म्हणून १७१५ पासून अवघ्या काही ग्रॅम वजनाचे गोल तांब्याचे नाणे पाडण्यात येऊ लागले. त्यावर किंमत मात्र तीच होती: एक रौप्य-दालर. १७१६ च्या नाण्यावर 'पुब्लिका फिदे', म्हणजे 'सार्वजनिक विश्वासावर', असे लॅटिन शब्द होते. ही योजना राबविणारा मंत्री बॅरन ग्योर्ट्झ होता. विश्वासालाही मर्यादा असते. युद्धाच्या खर्चाला ती नव्हती. नाण्यांचा सुळसुळाट झाला, भाव चढले आणि व्यापारी ती घेण्यास कचरू लागले.

१७१८ मध्ये नॉर्वेतील वेढ्यात राजा गोळी लागून मरण पावला. पुढच्याच वर्षी ग्योर्ट्झचा स्टॉकहोममध्ये शिरच्छेद झाला. त्याच १७१९ साली या मालिकेतील अखेरचे नाणे निघाले. त्याचे नाव 'आशा'. आणि त्याच वर्षी सरकारने या नाण्यांची किंमत निम्म्यावर आणली. उरलेल्या अर्ध्याची तोशीस, ज्यांनी ती विश्वासाने स्वीकारली होती, त्या प्रजाजनांनाच सोसावी लागली.