बदाम सात

भातलावणी उरकली की आपल्याकडे बदाम सातचा डाव बसतोच. परवा तेच पान लेकाच्या मोबाईलवर दिसलं, म्हणून मी शेजारी टेकले. मालिका जपानी, ‘अ‍ॅलिस इन बॉर्डरलँड’. हारो आसो यांच्या चित्रकथेवरून २०२० साली आलेली. तिच्यात हरला तो मेला. इस्पिकचा खेळ ताकदीचा, किलवरचा जुटीचा, चौकटचा डोक्याचा, अन् बदामचा काळजाला घरं पाडणारा. बदाम सातला लपाछपी: चौघांत एकच जगणार. नायक वाचावा म्हणून त्याचे जिवलग दोघे लपूनच राहतात. रक्त फार आहे बाई, लहान पोरांसमोर लावू नका. मोबाईल हिसकावणारच होते, तर कॉलेजातला माझा घोडा डोळे पुसत होता. विचारलं, “तुझे असे कोण रे?” तासभर सांगत बसला.