बाळ येण्याआधी मोठ्याची तयारी

काही मुलांना मिक्सरचा आवाज सोसत नाही, सदऱ्याचं लेबल टोचतं, गर्दी नकोशी होते. अशा मुलाला नुसतं ‘तू आता दादा होणार’ असं सांगून भागत नाही. तान्ह्या बाळाचं जोराचं रडणं जवळून 100 डेसिबलच्या आसपास जाऊ शकतं, आणि ते कधी सुरू होईल याचा नेम नसतो. म्हणून गरोदरपणाच्या सातव्या महिन्यापासूनच मोबाईलवर रडण्याचा आवाज अगदी हळू ऐकवा. बंद करायचं बटण मात्र त्याच्याच हाती हवं. आवाज वाढवायचा तो त्याच्या कलाने.

वासही विसरू नका. मालिशचं तेल, वेखंड आधीच ओळखीचं होऊ द्या. धुरी टाळाच, धूर बाळालाही बाधतो. आई दवाखान्यात असताना कोण जेवू घालणार, कोण झोपवणार, त्याची चित्रं भिंतीवर लावा. बारशाला एक शांत खोली त्याच्यासाठी राखून ठेवा. कान झाकून तो पळाला तर तो मत्सर नव्हे, हे आजी-आजोबांनाही सांगा. बाळाजवळ त्याला एकटं मात्र सोडू नका.

अडलं तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथली सेवा मोफत असते.