आकृतिबंध, अनुमान आणि प्रतिउदाहरण
(व्याख्यानाचे शब्दांकन)



गणित म्हणजे सूत्रे पाठ करण्याचा विषय, असा समज घरोघरी रूढ आहे. वस्तुतः गणिताची वाटचाल निरीक्षण, अनुमान, परीक्षण आणि सिद्धता अशा चार पायऱ्यांनी होते. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला बहुधा थेट चौथ्या पायरीवर आणून उभे केले जाते. आधीच्या तीन पायऱ्या तो चढलेलाच नसतो. म्हणून सिद्धता त्याला निरर्थक ओझे वाटते.

प्रारंभ सोप्या उदाहरणाने करावा. १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. क्रमागत विषम संख्यांच्या बेरजेतून वर्गसंख्या मिळत आहेत, हे सातवी-आठवीतील मुलाच्याही लक्षात येते. काही उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाण्याच्या या रीतीस उद्गामी पद्धती म्हणतात. परंतु शंभर उदाहरणे जुळली, तरी एकशे एकावे जुळेलच, याची हमी कोणती? ती हमी खड्यांच्या मांडणीतून मिळते. ३ ओळी व ३ स्तंभ अशा ९ खड्यांच्या चौरसाला एका बाजूने ३, दुसऱ्या बाजूने ३ आणि कोपऱ्यात १ असे ७ खडे जोडले, की ४ × ४ चा चौरस तयार होतो. कोणत्याही चौरसाला अशी किनार जोडताना पुढचीच विषम संख्या लागते. येथे नियमामागचे कारण दिसले आणि अनुमानाची सिद्धता झाली.

प्रत्येक आकृतिबंध मात्र असा विश्वासू नसतो. वर्तुळाच्या परिघावर बिंदू घेऊन ते सर्व एकमेकांना जीवांनी जोडावेत. आत तीन जीवा एकाच बिंदूत छेदू नयेत, एवढी दक्षता घ्यावी. २ बिंदूंनी वर्तुळाचे २ भाग होतात, ३ बिंदूंनी ४, ४ बिंदूंनी ८ आणि ५ बिंदूंनी १६. पुढील उत्तर सारा वर्ग एकमुखाने देतो : ३२. प्रत्यक्ष मोजले असता भाग ३१ भरतात. कारण असे की, मूळच्या एका भागात प्रत्येक जीवा एक भाग वाढवते आणि जीवांचा प्रत्येक आंतरछेदही एक भाग वाढवतो. ६ बिंदूंना १५ जीवा आणि १५ आंतरछेद; म्हणून १ + १५ + १५ = ३१. दुप्पट होत जाणे हा नियम नव्हताच. तो पहिल्या काही संख्यांपुरता जुळलेला योग होता. नियम असत्य ठरविण्यास एकच प्रतिउदाहरण पुरते. सत्य ठरविण्यास मात्र उदाहरणांची रास पुरत नाही.

प्रतिउदाहरण केवळ मोडत नाही, ते घडवतेही. देवळाली येथील शाळेत अध्यापन करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांची ६१७४ ही संख्या जगप्रसिद्ध आहे. चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि आलेल्या संख्येवर तीच कृती पुन्हा करावी. ३५२४ पासून ५४३२ – २३४५ = ३०८७, ८७३० – ०३७८ = ८३५२, ८५३२ – २३५८ = ६१७४. एखाद्या विद्यार्थ्याने विधान केले, “प्रत्येक संख्येपासून ६१७४ मिळते.” शेजारचा ३३३३ घेतो; उत्तर शून्य. तिसरा २१११ घेतो. वजाबाकी ९९९ येते, आणि पुढे ९९९ – ९९९ म्हणजे पुन्हा शून्य. पण ९९९ हे ०९९९ असे लिहिले, तर ९९९० – ०९९९ = ८९९१ असा मार्ग पुढे सरकतो आणि अखेर ६१७४ वर पोहोचतो. अशा रीतीने विधान शुद्ध होत जाते : चारही अंक समान नसावेत आणि आघाडीचे शून्य गाळू नये. या दोन अटी पाळल्या, तर अधिकाधिक ७ पायऱ्यांत ६१७४ मिळतेच. येथे संख्या मर्यादित असल्याने सर्व तपासणे हीच सिद्धता होऊ शकते. पुस्तकात छापलेल्या अटी मुलांना जाचक वाटतात. त्या कोणत्या प्रतिउदाहरणातून जन्मल्या हे समजले, की त्यांचे प्रयोजन पटते.

या संदर्भात जैन परंपरेतील थोर गणिती महावीराचार्य यांचे स्मरण उचित ठरेल. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. त्याच ग्रंथात, शून्याने भागले असता संख्या बदलत नाही, असेही विधान आहे. आज दहावीचा विद्यार्थी ते तपासू शकतो : ६ ÷ ० = ६ मानले, तर ६ × ० = ६ यावयास हवे; परंतु शून्याने गुणले असता शून्य येते, हे आचार्यांचेच वचन आहे. म्हणून आजचे गणित शून्याने भागाकार अव्याख्यात मानते. विद्यार्थ्याने हे दाखविल्याने आचार्यांची थोरवी उणावत नाही. ग्रंथ मखरात ठेवण्यापेक्षा तो उघडून पारखणे, हा त्याचा अधिक मोठा सन्मान होय.

म्हणून पालक व शिक्षकांकडून एकच अपेक्षा. वर्गात ३२ ऐवजी ३१ म्हणणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये. त्याला फळ्यापाशी बोलवावे आणि भाग मोजू द्यावेत. त्याची मोजणी चुकली असेल, तर ती तेथेच सर्वांसमक्ष उमगेल. बरोबर असेल, तर सारा वर्ग शहाणा होईल. बहुमताने, वयाने वा अधिकाराने गणितातील विधान सत्य ठरत नाही. ही जाणीव ज्या मुलाला शाळेत लाभली, तो उद्या दुकानात, कचेरीत वा समाजकार्यात दोन-चार अनुभवांवरून कोणाविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी क्षणभर थांबेल. पाठ केलेली सूत्रे कालांतराने विसरली जातील. थांबून पडताळण्याची ही सवय मात्र टिकून राहील.