घरोघरी पोहोचलेला कुंचला

चित्रप्रदर्शन पाहण्यासाठी वाशीमहून मुंबई गाठणे आपल्यापैकी किती जणांना जमते? म्हणूनच दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांचे मोल आपल्याला अधिक. गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५ साली 'दीपावली' सुरू केले. मुखपृष्ठे आणि कथाचित्रे यांच्या वाटेने त्यांनी चित्रकला मराठी घरांत नेली. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'तील चित्रेही त्यांचीच.

जलरंग हे अवघड माध्यम. एकदा उतरलेला रंग पुसणे कठीण; उजेड दाखवायचा तर कागद तेथे कोराच राखावा लागतो. दलालांनी ही शिस्त अंगी बाणवली होती.

परंतु छापील चित्राचे आयुष्य थोडे. अंक वाचून झाला की तो रद्दीत जातो. अशा कलावंतावर उद्या कोणी माहितीपट करू म्हटले, तर साक्षीला हीच पाने लागणार! तेव्हा जुना दिवाळी अंक रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळा. 'दलाल' अशी सही दिसली, तर ते पान मुलांना दाखवा, जपून ठेवा.

आणि वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणाऱ्या मुलाला रागावू नका. त्याला एलिमेंटरी परीक्षेला बसवा. चित्र काढणे हा रिकामपणाचा उद्योग नव्हे. दलालांनी त्यावरच आपला संसार आणि नावलौकिक उभा केला.